मापाची वही, निशाणी २७

उलटतपासणीच्या दिवशी सकाळी मी दादाच्या शर्टाची बटणं लावली. एवढंच झालं. कुणी दारातून पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं की धाकटा भाऊ मोठ्याच्या पुढ्यात उभा राहून एकेक बटण काजात घालतोय आणि मोठा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. पण दादाला स्वतःची बटणं लावता येत होती. आठ महिने घासून तो ते शिकला होता, एकट्या डाव्या हाताने. खालचं बटण आधी, कारण वरून सुरुवात केली की शर्ट सरकत राहतो. अंगठ्याने काज ताणायचं, मधल्या बोटाने बटण ढकलायचं, आणि जमलं नाही तर शिव्या न देता पुन्हा करायचं. त्या दिवशी त्याने पहिलं बटण धरलं आणि मी म्हणालो, "थांब, आज मी लावतो." त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

हे मला कुणी सुचवलं नव्हतं. वकीलमॅडमनी नाही, त्यांच्या ज्युनिअरनेही नाही. ते माझ्याच डोक्यातून आलं होतं, आणि का आलं होतं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

अपघाताचं फार सांगत नाही. दादा स्कूटरवर होता, टेम्पो चुकीच्या बाजूने आला, बरगड्या मोडल्या, मांडीचं हाड मोडलं. ही सगळी हाडं जुळली. जुळल्या नाहीत त्या उजव्या हाताच्या नसा. मानेतून हातात उतरणाऱ्या पाच नसांचा जो जुडगा असतो, तो मणक्यातूनच उपटला गेला होता. रोप मुळासकट उपटावं तसा, असं डॉक्टर म्हणाले. हाताला एकही टाका नव्हता, साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. भेटायला येणारे लोक पायाच्या प्लास्टरकडे बघून हळहळायचे आणि हाताकडे बघून म्हणायचे, "देवाच्या कृपेने हात वाचला." दादा व्यवसायाने शिंपी. पाय मोडला तर सहा महिन्यांनी मशीन चालवता येतं. तो काहीच बोलायचा नाही.

अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा शर्ट, काखेत फाइल. मला वाटलं, कुणाचे तरी नातेवाईक असतील. त्यांना टेम्पोचा नंबर माहीत होता. टेम्पोचा इन्शुरन्स चालू आहे हेही माहीत होतं, जे आम्हाला ठाऊक नव्हतं. आवाज मऊ, घाई नाही. म्हणाले, "आत्ता एक रुपयाही देऊ नका. क्लेम आला की पंचवीस टक्के. नाही आला तर आपलं काही देणं-घेणं नाही." मग त्यांनी एक आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण अजूनही तो आठवला की पोटात काहीतरी हलतं. फाइलमधून त्यांनी वकीलपत्र काढलं. वकिलाच्या नावाची जागा कोरी होती. सही दादाची लागणार, पण दादा शुद्धीवर नव्हता. "अंगठा चालतो," ते म्हणाले, "पुरुषाचा डावाच लागतो. म्हणजे तशी अडचण नाही."

मी उठलो नाही, रागावलोही नाही. खरं सांगायचं तर मी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तीन दिवसांत ठाम काहीतरी सांगणारा तो पहिला माणूस होता. डॉक्टर म्हणत होते "बघू", नर्स म्हणत होती "डॉक्टरांना विचारा", पोलीस म्हणत होते "उद्या या". हा माणूस चक्क आकडा सांगत होता. तेवढ्यात आतून कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, ते आमचंच नाव असं वाटून मी धावत गेलो. आमचं नव्हतं. परत आलो तेव्हा ते दुसऱ्या बाकावर बसले होते. आम्ही त्यांना वकील केलं नाही यात माझा शहाणपणा काडीचाही नाही.

वकिलांनी जाहिरात करायची नाही, पक्षकार शोधत फिरायचं नाही, मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवायचा नाही, हे सगळं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे, हे मला नंतर कळलं. नियम चांगला आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याला खरोखर वकील हवा असतो, त्याला तो सापडायचा कसा, हे कुणी सांगत नाही. पाटीवर नुसतं नाव आणि शिक्षण. मी माणसांना विचारत सुटलो. प्रत्येकाच्या ओळखीत एक वकील होता आणि कुणाचाच वकील अपघाताच्या केसेस करणारा नव्हता. एकाने जमिनीच्या वादातला वकील सुचवला, एकाने घटस्फोटाचा. शेवटी नाव मिळालं ते फिजिओथेरपीच्या खोलीत. शेजारच्या खाटेवर गुडघा वाकवता वाकवता ओरडणाऱ्या एका बाईंनी दोन ओरडण्यांच्या मधल्या वेळात फोन नंबर सांगितला. वर म्हणाल्या, "बोलायला तुसड्या आहेत. पण तारखेला येतात."

मॅडम खरंच तुसड्या होत्या. पहिल्या भेटीत भरपाईचा आकडा त्यांनी काढला नाही, मी काढला तेव्हा ऐकूच आलं नाही असं केलं. लोखंडी कपाटाला टेकून त्यांनी अपघाताची तारीख विचारली आणि बोटांवर महिने मोजले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे, तिच्यानुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. मधली जवळजवळ तीन दशकं ही मुदतच नव्हती, त्यामुळे जुनी माणसं अजून सांगतात, सावकाश करा, काही घाई नाही. आमचे चार महिने संपले होते. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण नसांच्या सर्जननेही आम्हाला हीच मुदत सांगितली होती. दुसरीकडची चांगली नस आणून हाताला जोडायची असेल तर सहा महिन्यांच्या आत, नंतर स्नायूच मरून जातो. त्या दिवसांत माझ्या खिशात एकच चिठ्ठी असायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकच तारीख लिहिलेली असायची.

ऑपरेशन झालं. बरगड्यांच्या मधल्या नसा काढून दंडाच्या स्नायूला जोडल्या. त्याचा परिणाम दिसायला वर्ष गेलं, आणि दिसला तो असा की दादा खोकला की त्याचं कोपर वाकतं. मोठा श्वास घेतला की वाकतं. आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना तो हे करून दाखवतो. श्वास छातीत भरतो आणि मेलेला हात आपोआप वर येतो. मुलं टाळ्या वाजवतात. पंजाला मात्र काहीच नाही. तिथे फक्त दुखणं आहे. ज्या बोटांना टाचणी टोचली तरी कळत नाही, तीच बोटं रात्री कुणीतरी दरवाजात चेमटवल्यासारखी दुखतात.

फीचं मॅडमनी पहिल्या भेटीतच कागदावर लिहून दिलं. दाखल करताना इतके, पुरावा संपला की इतके, निकालाच्या वेळी इतके. टक्के-बिक्के काही नाही. (दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न किती ते न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे मला केस निम्म्यावर आल्यावर समजलं. मॅडमनी का सांगितलं नाही, असं विचारायचं धाडस झालं नाही.) मग त्या म्हणाल्या, "उत्पन्नाचा पुरावा?"

पुरावा म्हणजे काय असणार! दादाने आयुष्यात कधी रिटर्न भरलं नव्हतं. पगारपत्रक नाही, बँकेत दरमहा येणारी रक्कम नाही. गल्ला होता, त्यातून घर चालत होतं. मॅडम म्हणाल्या, असं असेल तर समोरचा म्हणणार मजुराएवढी कमाई धरा, आणि कोर्ट धरेलसुद्धा. मी गप्प. त्या पेनाचं टोपण लावत होत्या, म्हणजे भेट संपली. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "मापं कुठे लिहितात?"

दादाच्या मापाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना समजावणं अवघड आहे. लांब, जाड पुठ्ठ्याच्या, कडेला पोपडे आलेल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धं पान. वर तारीख, नाव, मग उंची, छाती, कंबर, शोल्डर, बाही, कॉलर. कोपऱ्यात कापडाचा नखाएवढा तुकडा टाचणीने अडकवलेला. खाली शिलाई, अॅडव्हान्स, बाकी, आणि बाकी मिळाली की त्यावर तिरकी रेघ. आणि समासात त्याची खासगी भाषा: "पोट पुढे", "बाही सैल मागतो", "उ. खांदा डाऊन", "उधारी करतो पण देतो". एका पानावर नुसतं "भांडतो" असं लिहिलं होतं. अकरा वर्षांच्या सात वह्या निघाल्या. मॅडमनी शेवटच्या तीन वर्षांच्या घेतल्या आणि ज्युनिअरला प्रत्येक पानावरची शिलाई मांडायला बसवलं. तो पोरगा दोन दिवस टाचण्या टोचून घेत बसला होता. दोरा, बक्रम, बटणं, काज करणाऱ्याची मजुरी, भाडं, वीज सगळं वजा जाऊन महिन्याला सरासरी बावीस हजार निघाले. दादाला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, "एवढे मिळवत होतो होय मी?" आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

त्या वह्या कोर्टात निशाणी २७, म्हणजे सत्तावीस क्रमांकाचा पुरावा, झाल्या.

मॅडमनी एकदा हिशोब समजावून सांगितला होता. वर्षाचं उत्पन्न, गुणिले वयाप्रमाणे एक गुणांक. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात तो तक्ताच घालून दिला आहे. पंचविशीच्या आतल्याला १८, मग उतरत उतरत पासष्टच्या पुढे ५. दादा त्रेचाळीसचा, म्हणजे १४. त्या गुणाकाराला पुन्हा टक्के लावायचे, कमावण्याची ताकद किती टक्के गेली त्याचे. मी विचारलं, माणूस गेला असता तर? त्या म्हणाल्या, तर त्याचा स्वतःवर जो खर्च झाला असता तो वजा करतात, साधारण तिसरा हिस्सा. जखमीच्या बाबतीत वजा करत नाहीत, कारण तो जेवणार आहे. त्यांनी हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मी मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर मला ते कळलं.

सगळं भांडण मग टक्क्यांवर येऊन थांबलं. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, उजव्या वरच्या अवयवाचं ८० टक्के कायमचं अपंगत्व. इन्शुरन्सच्या वकिलाचं म्हणणं, हे हाताचे ८० टक्के आहेत, आख्ख्या शरीराचे नाहीत. शरीराला दोन हात, दोन पाय, डोकं आहे, तेव्हा वाटून किती येतात बघा. हा युक्तिवाद मला इतका निर्लज्ज वाटला की पहिल्यांदा ऐकून कानशिलं तापली. मॅडम म्हणाल्या, त्यांचं चूक नाही, अवयवाचे टक्के शरीराचे म्हणून घेता येत नाहीतच. पण गोष्ट तिथे संपत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालय, २०१०. त्यात उदाहरण दिलंय: डावा हात गेला. माणूस सरकारी कारकून असेल तर नोकरी कदाचित तशीच राहील. ड्रायव्हर असेल, सुतार असेल, तर कमाईच्या हिशोबाने जवळजवळ शंभर टक्के गेलं. "आपल्याला," त्या म्हणाल्या, "सुताराच्या शेजारी जाऊन बसायचंय." आख्ख्या केसमध्ये त्यांनी केलेला हा एकच विनोद, आणि तो विनोद होता की नाही याचीही मला खात्री नाही.

वहिनीला यातलं काहीच मान्य नव्हतं, म्हणजे पटत होतं पण परवडत नव्हतं. लोकअदालतीत मिटवायचा प्रस्ताव आला होता. मागितल्याच्या निम्म्याहून कमी, पण लगेच. लोकअदालतीतल्या तडजोडीवर पुढे अपील नाही, आणि म्हणून तर ती लवकर सुटते. मी म्हणालो, थांबू. वहिनी भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुमचा पगार एक तारखेला होतो." त्यावर मी काय बोलणार? न्याय मिळेपर्यंत थांबायला ज्याला परवडतं, तोच थांबायचा सल्ला देतो. दादा मध्ये बसून दोघांकडे बघत होता. शेवटी प्रस्ताव नाकारला गेला तो दादाच्या एका वाक्याने, आणि ते वाक्य न्यायाबद्दल नव्हतंच. इन्शुरन्सने पाठवलेल्या हिशोबाच्या कागदात त्याच्या धंद्यापुढे "किरकोळ शिलाईकाम" असं लिहिलं होतं. "किरकोळ?" तो म्हणाला. पुन्हा तो विषय निघाला नाही. दुकानाचं भाडं पुढची दोन वर्षं मी भरलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या दिवशी गप्प बसलो असतो तर भरावं लागलं नसतं.

तर उलटतपासणी. पिंजरा लहान, लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं. शपथपत्र आधीच दिलं होतं, त्यामुळे आता फक्त समोरच्या वकिलाचे प्रश्न. तो तरुण होता, सर्दी झालेला, रुमाल सतत हातात. वाईट माणूस नव्हता. त्याने हेल्मेट, लायसन्स, वेग विचारलं. मग म्हणाला, तुम्ही अजूनही दुकानात बसता? दादा म्हणाला, बसतो. गिऱ्हाइकं येतात? येतात. माप कोण घेतं? बायको. कापतं कोण? मी खडूने रेघ मारतो, ती कापते. म्हणजे धंदा चालू आहे? दादाने थोडा विचार केला. म्हणाला, चालू म्हणजे, उघडतो. मी मागच्या बाकावर बसून गुडघे आवळत होतो. मग तो प्रश्न आला, जणू माझ्या सकाळची वाटच बघत होता: "रोजची कामं तुम्ही स्वतः करता? अंघोळ, कपडे?"

"करतो."

"शर्टाची बटणं?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला नक्की आठवतं. तो टंकलेखकाकडे बघत होता, बाई कितव्या शब्दापर्यंत पोचल्यात ते बघत असावा. म्हणाला, "लावतो. आज भावाने लावली."

वकिलाने रुमाल नाकाला लावला आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला. कुणी दचकलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. जबानीत ते असं उतरलं: "मी माझ्या शर्टाची बटणे स्वतः लावू शकतो, हे म्हणणे खरे आहे." आज कुणी लावली ते त्यात नाही. विचारलं तेवढंच लिहितात. बाहेर व्हरांड्यात मी मॅडमना म्हणालो, ते बटणांचं जरा महागात पडेल का? त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "बटणं लावणारा आणि काज शिवणारा यातला फरक मला आणि त्यांनाही कळतो. तुम्ही असं पुन्हा करू नका." माझ्या तोंडून मी काही कबूल केलं नव्हतं.

आता अंतिम युक्तिवादासाठी तारीख आहे. मागच्या दोन तारखांना काम झालं नाही, एकदा रेकॉर्ड सापडलं नाही, एकदा साहेब रजेवर. निकालानंतर अर्ज केला की वह्या परत मिळतील म्हणतात. तोवर अडचण अशी की तीन वर्षांची मापं कोर्टात. जुनी गिऱ्हाइकं येतात, "माझं माप आहे ना तुमच्याकडे?" विचारतात, आणि दादा डोळे मिटून सांगतो, छाती अडतीस, बाही साडेतेवीस. बहुतेक बरोबर निघतं. भांडणाऱ्या गृहस्थांचं चुकलं. त्यांनी भांडण केलं.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा काउंटरवर नवी वही होती. दादा आत फिजिओच्या मुलाबरोबर श्वास कोंडून कोपर वाकवत होता, म्हणून मी उघडली. अक्षर डाव्या हाताचं, पहिलीतल्या मुलासारखं, ओळ सोडून खाली घसरणारं. पहिल्याच पानावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं. माप वहिनीने घेतलं असणार. छाती चाळीसवरून अडतीस झालेली. समासात लिहिलं होतं, "उ. खांदा दीड इंच डाऊन, पॅड नको." आणि कापडाचा तुकडा, निळ्या बारीक चौकड्यांचा, टाचणीने लावलेला. टाचणी वाकडी गेली होती, पण कापडात शिरून पुन्हा बाहेर आलेली होती. शिलाईच्या रकान्यात आकडा होता. अॅडव्हान्स शून्य. बाकी, पूर्ण.